प्रथम अर्जदार

६ फेब्रुवारी

आज आमच्या स्वयंपाकघरात अकरा म्हातारे बसले होते आणि खुर्च्या चार. बाकीचे सात कशाकशावर बसले ते लिहीत नाही. त्यातल्या एकाखाली माझा पिठाचा डबा होता एवढं पुरे.

हे सगळे बॉयलर कारखान्यातले निवृत्त कामगार. जन्मभर लोखंडी पत्र्यांवर रिव्हेट ठोकून कोणालाच धड ऐकू येत नाही. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून समोरचाही बहिरा असणार, अशा समजुतीने प्रत्येकजण ओरडतो. युनियनची एक खोली होती, ती कारखान्याबरोबर विकली गेली. तिथे आता न्हाणीघराच्या फरश्या मिळतात. म्हणून सभा सासऱ्यांकडे. म्हणजे आमच्याकडे. म्हणजे चहा माझ्याकडे. नवरा मालवाहू बोटीवर, जूनअखेरीपर्यंत परत येणार नाही. फोनवर कुरकुर केली तर म्हणाला, "एका वहीत लिहून ठेव, आल्यावर वाचतो." वाचणार नाही. पण लिहिते.

सभेचा विषय जानेवारीत आलेलं पत्र. कारखान्याच्या नव्या मालकांच्या वतीने पेन्शन ट्रस्ट कळवतो की "आपल्या लाभांचे सुसूत्रीकरण करण्यात आले आहे." मी बावीस वर्षं नोंदणी कार्यालयाच्या खिडकीत बसते आहे. कार्यालय एवढा लांबलचक शब्द वापरतं तेव्हा त्याचा हात कोणाच्या तरी खिशात असतो, हे मला सांगावं लागत नाही. पेन्शन एक तृतीयांशाने कमी, औषधांचं कार्ड बंद, विधवांना निम्मं मिळायचं ते आता पाव. हरकत घ्यायची मुदत दहा एप्रिल.

"हरकत घेतलीये का?" मी विचारलं.

"जानेवारीतच पाठवली, सूनबाई," चष्मा म्हणाला. हा त्यांचा खजिनदार. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या, म्हणून सगळे त्याला चष्माच म्हणतात. त्यालाही चालतं.

"मला दाखवायची होतीत."

"तू कशाला डोकं घालतेस?" सासरे म्हणाले. "आमचं सगळं रीतसर असतं."

बरं बाबा, रीतसर तर रीतसर.

२३ फेब्रुवारी

रीतसर अर्ज परत आला. शेरा: "प्रथम अर्जदार स्पष्ट होत नाही."

मी कागद हातात घेतला आणि हसावं की रडावं कळेना. खाली सह्या होत्या एक्केचाळीस, पण एकाखाली एक नाहीत. रंगाच्या डब्याचं झाकण ठेवून गोल काढलेला आणि त्याच्या कडेने सूर्याच्या किरणांसारख्या चहूबाजूंनी सह्या. कागद गरगर फिरवल्याशिवाय वाचता येत नाही.

"हे काय आहे?"

"अशीच करतो आम्ही सही," चष्मा म्हणाला. "पहिल्यापासून. गोलात कोणी पहिला नसतो. मग मॅनेजमेंट कोणाला धरणार?"

"अहो, पण आता मॅनेजमेंट कुठे आहे? तुम्ही रिटायर झालात. आता कोण काढणार तुम्हाला कामावरून?"

सगळे त्या गोलाकडे बघायला लागले. शेवटी एकजण म्हणाला, "सवय."

सवयीपायी चार आठवडे गेले. माझ्या खिडकीत असा कागद आला असता तर मी त्या माणसाला दुसऱ्यांदा रांगेत उभा केला असता आणि जेवायला गेले असते. आजच एकाला मधलं नाव लिहिलं नाही म्हणून परत पाठवलं. नियम तो नियम.

२ मार्च

अर्ज मी नव्याने लिहिला. साडेतीन पानं, मुद्द्यांना क्रमांक, सोबतच्या कागदांची यादी. सह्या एकाखाली एक. पहिली ओळ रिकामी ठेवली.

ट्रस्टची नियमावलीही वाचली. कलम एकोणीस असं आहे: वाद निकाली निघेपर्यंत प्रथम अर्जदाराचं पेन्शन रोखून धरता येईल. "येईल" म्हणजे धरतीलच. म्हणजे पहिल्या ओळीवर जो सही करेल, त्याला कापलेलंही मिळणार नाही. काहीच मिळणार नाही. निकाल लागेपर्यंत.

मी हे मोठ्याने वाचलं. त्यांच्यासाठी मोठ्याने म्हणजे किती, ते शेजारणीने भिंतीवर थाप मारून कळवलं. मग अकराच्या अकरा जणांनी आपापल्या चहाच्या कपात काहीतरी शोधायला सुरुवात केली.

मी सासऱ्यांकडे बघितलं. यांना भाडं नाही, डोक्यावर छप्पर आहे, मुलगा कमावतो, मीही कमावते. शिवाय युनियनचे सचिव होते अकरा वर्षं. ते पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

सगळे गेल्यावर मी बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले. "बाबा, गोल बरा असतो नाही का? गोलात लपायला जागा असते."

त्यांनी कानातलं मशीन काढलं आणि टेबलावर ठेवलं. संभाषण संपवायची त्यांची ही पद्धत. दार आपटण्यापेक्षा वाईट.

३ मार्च

सासरे सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून केस कापायला गेले. दोन तासांनी आले. केस होते तेवढेच. न्हाव्याकडे गर्दी होती म्हणे.

९ मार्च

चष्मा येऊन सांगून गेला की अर्ज दाखल झाला. पहिल्या ओळीवर सही झाली.

"कोणाची?"

"झाली एकाची."

"पावती दाखवा."

"घरी राहिली." आणि काचांमागचे डोळे असे काही भिरभिरले की मी ओळखलं. हाच तो. ह्याला मुलं नाहीत, बायको आजारी, आणि हा पुढे झाला. आणि वर बोलून दाखवत नाही. मी त्याला बिस्किटांचा अख्खा पुडा दिला, सासऱ्यांसमोर, मुद्दाम. "काही माणसं असतात अशी," असंही म्हणाले. चष्मा इतका अवघडला की पुडा खिशात घालायला गेला आणि खिसाच फाटला.

सासरे पेपर वाचत होते. पान उलटलं नाही बराच वेळ.

१ एप्रिल

दर एक तारखेला सासरे फ्रिजवर पाकीट ठेवतात, घरखर्चातला त्यांचा वाटा. मी नको म्हणते, ते ठेवतात, मी घेते. असं सतरा वर्षं चाललंय. या वेळी पाकीट होतं, पण नोटा जुन्या, दुमडलेल्या, नॅप्थलीनचा वास येणाऱ्या. बँक बदलली का विचारलं तर "हं" म्हणाले.

माणूस एकूणच बदलत चाललाय. पेपर बंद केला, "त्यात काही नसतं." न्हाव्याकडे बसून फुकट वाचतात हे मला शेजारणीने सांगितलं. बसने जात नाहीत, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." कुठल्या डॉक्टरांनी? चहात साखर घेत नाहीत, पण चमचा घेऊन ढवळतात मात्र पूर्वीइतकंच.

मला वाटतं माझं ते गोलाचं बोलणं लागलंय आणि आता मला खजील करायला हा उपास मांडलाय. होऊ दे. मी खजील होणाऱ्यांतली नाही.

१४ एप्रिल

हत्यारांची पेटी विकली! हातोडे, पकडी, ते पितळी माप, सगळं. "जागा अडत होती," म्हणाले. बत्तीस वर्षं ज्या पेटीला कोणी हात लावला तर घर डोक्यावर घ्यायचे, तिची एकाएकी जागा अडायला लागली. म्हातारपण दुसरं काय.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना बरं नाहीये का?" आणि मग लाईन गेली. मला त्याचा राग आला. मग वाटलं, खरंच बरं नसेल तर?

२० एप्रिल

वेल्डरकडे गेले होते. यादीतला चौतिसावा. त्याच्या वैद्यकीय कागदांची प्रत लागणार होती. तिसऱ्या मजल्यावर राहतो. खुबा मोडल्यापासून दोन वर्षं खाटेवर, मुलगी बघते. जिना इतका अरुंद की मी तिरकी होऊन चढले.

माणूस एकदम खुशीत. खिडकीतून एक झाड आणि समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, त्यावर तासभर बोलला. मग मी गोलाचा विषय काढला, हसण्यासाठी म्हणून. तोही हसला.

"तुला सांगितलं नाही सासऱ्याने? गोल त्याचाच. त्याच्या आधी आम्ही एकाखाली एकच करायचो. पहिल्या मागणीपत्रावर पहिली सही माझी होती. तुझा सासरा पेन घेऊन आला, म्हणाला, तुझं अक्षर सगळ्यांत चांगलं, तू वर कर, बाकीचे खाली खरडतील."

"मग?"

"मग काय? मॅनेजरने वरून पहिलं नाव वाचलं. तीन वर्षं बाहेर होतो मी. तीन वर्षं तुझ्या सासऱ्याने दर पगाराला माझ्या घरी पाकीट आणून दिलं. मी नको म्हणायचो, तो ठेवून जायचा." तो पुन्हा हसला. "अक्षर अजून चांगलं आहे हं माझं. बघ."

घरी आले. सासरे बाल्कनीत उभे होते. त्यांना काहीतरी म्हणावं असं वाटलं. विचारलं ते एवढंच, "भाजी कुठली करू?"

"कुठलीही. थोडीच कर."

आज खिडकीत एक बाई आली होती, तारखेचा रकाना चुकलेला. मी माझ्याच पेनने दुरुस्त करून घेतला. उगाच रांग अडली असती.

७ मे

आज सुनावणी झाली. नीट लिहायला हवं.

ट्रस्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. सुनावणी अधिकारी तिशीची मुलगी, नाक गळत होतं, समोर रुमालांचा ढीग. ट्रस्टच्या वकिलाने अर्धा तास सांगितलं की ट्रस्टकडे निधीच नाही, सगळ्यांना पूर्ण पेन्शन देणं अशक्य, एकालाही देणं अशक्य. ती लिहून घेत होती. मग म्हणाली, "प्रथम अर्जदार, पुढे या."

मी चष्म्याला कोपराने ढोसलं. "उठा."

चष्मा बुटांकडे बघत बसला.

माझ्या दुसऱ्या बाजूची खुर्ची सरकली. सासरे उठले. इस्त्रीचा शर्ट होता. केस कापायला म्हणून घालून गेले होते तोच.

मी बावीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या चुका काढते आहे. एक स्वल्पविराम सुटत नाही माझ्या नजरेतून. आणि घरात एक माणूस दोन महिने बिनपेन्शनचा राहतो, पेपर सोडतो, साखर सोडतो, पेटी विकून माझ्या फ्रिजवर पाकीट ठेवतो, आणि मी त्याच्यासमोर दुसऱ्याला बिस्किटं देते.

मधल्या सुट्टीत पॅसेजमध्ये वकील आमच्याजवळ आला. हळू आवाजात, अगदी गोड. "आजोबा, तुमचं पूर्ण पेन्शन पुढच्या आठवड्यापासून सुरू करतो. रोखलेलंही देतो, कार्डही. तुम्ही फक्त अर्ज मागे घ्या."

खरं लिहायचं तर मला वाटलं, हो म्हणा. त्या क्षणी मला वेल्डर आठवला नाही, विधवा आठवल्या नाहीत. आठवला तो बिनसाखरेचा चहा ढवळणारा चमचा.

सासऱ्यांनी कानाला हात लावला. "काय म्हणालात?"

वकील जरा मोठ्याने म्हणाला.

"बॉयलरचा कान आहे साहेब. मोठ्याने बोला."

वकील आणखी मोठ्याने म्हणाला.

"अजून!"

मग वकिलाने ओरडूनच सांगितलं. पूर्ण पेन्शन. रोखलेलं. कार्ड. सगळं. पुढच्या आठवड्यापासून. पॅसेज दणाणला. आणि अधिकारीबाई दारात उभ्या होत्या, हातात रुमाल.

"निधी नाही म्हणाला होतात ना आत?" त्या म्हणाल्या. "आत या. हे पुन्हा सांगा, मला लिहून घ्यायचंय."

वकिलाचा चेहरा न्हाणीघराच्या फरशीसारखा थंडगार झाला. चष्मा तोंडात रुमाल कोंबून भिंतीकडे वळला.

मशीनमध्ये सेल मी आज सकाळीच नवा घातला होता. नीट बसला नसेल.

८ मे

सकाळी चहात दोन चमचे साखर घालून कप समोर ठेवला. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी जे बोलले..."

"कधी?"

"मार्चमध्ये."

"मार्चमधलं मला ऐकू आलं नाही," ते म्हणाले, आणि चहा प्यायले.

२९ मे

निकाल लागला. कपात रद्द. सर्व एक्केचाळीस अर्जदारांना पूर्ण पेन्शन, औषधांचं कार्ड चालू, विधवांना पुन्हा निम्मं. मी निकालपत्र तीनदा वाचलं, चौथ्यांदा स्वयंपाकघरात उभी राहून अकरा जणांना वाचून दाखवलं. शेजारीण भिंतीवर थाप मारायला लागली तर चष्म्याने उलट थाप मारली.

सगळे नाचून झाल्यावर मी शेवटचं पान वाचलं. मला शेवटचं पान वाचायची सवय आहे, लोकांना नसते. ट्रस्टच्या विनंतीवरून एक अट घातलेली: प्रत्येक अर्जदाराने पंधरा जूनच्या संध्याकाळी पाचपर्यंत ट्रस्टच्या कार्यालयात स्वतः हजर राहून ओळख पटवावी. जो येणार नाही त्याचा दावा वगळण्यात येईल.

 सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं तेव्हा मला कळलं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच जिना होता.

९ जून

वेल्डरच्या घरी माणूस पाठवा, असा अर्ज मी केला होता. उत्तर आलं: "अशी तरतूद नाही." इतकं सुबक उत्तर मीही लिहिलं नसतं. खरं म्हणजे लिहिलं असतं. लिहिलेलं आहे.

चष्मा म्हणाला, "चाळीस जण तरी जाऊन ओळख पटवून आले."

सासरे म्हणाले, "एक्केचाळीस." एवढंच. आणि कागद घेऊन जिन्याचं चित्र काढायला बसले. पायरीची रुंदी, वळणं, कठड्याची उंची. मला टेप घेऊन मापं आणायला पाठवलं. दुसऱ्या मजल्याचं वळण बरोबर आणलं नाही म्हणून पुन्हा पाठवलं!

१५ जून

नऊ म्हातारे आले, सरासरी वय त्र्याहत्तर. सोबत कॅनव्हासचे पट्टे, दोन बांबू आणि चष्म्याच्या भाच्याची भाजीची गाडी. मी म्हटलं, चार धट्टीकट्टी माणसं भाड्याने आणू. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पट्टे उचलायला लागले.

बॉयलरचे पत्रे दोन-दोन टनांचे. ते अरुंद जागेतून फिरवायचे, आणि आवाजात कोणाला काही ऐकू येत नाही, म्हणून त्यांची एक हातांची भाषा आहे. मी सतरा वर्षं सासऱ्यांबरोबर एका घरात राहते, आज पहिल्यांदा बघितली. वेल्डरला खुर्चीत पट्ट्यांनी बांधलं. सासरे पुढे, उलटे, एक-एक पायरी मागे मागे उतरत. एक हात खुर्चीला, दुसरा हवेत. मूठ म्हणजे थांब. दोन बोटं म्हणजे नाक, म्हणजे पुढची बाजू, डावीकडे. तळवा खाली म्हणजे अलगद. एरवी चार वाक्यांत चौदा भांडणं करणारी माणसं, तीन मजले एक अक्षर बोलली नाहीत. आवाज फक्त धापांचा, आणि मध्ये वेल्डरचा, "कठडा रंगवलाय की!"

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली. सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं आता संपलं, यांनाच न्यावं लागणार. त्यांनी मूठ वर केली, श्वास घेतला, एक बोट फिरवलं. खुर्ची तिरकी झाली आणि सुटली. टेपची दुसरी खेप वाया गेली नाही तर.

ट्रस्टच्या इमारतीसमोर पोचलो तेव्हा चार चाळीस. लिफ्टवर पाटी: "देखभालीसाठी बंद." अजून दोन मजले. नऊ म्हाताऱ्यांकडे बघितलं, नऊही जण गाडीला टेकून उभे होते. मी एकटी वर धावले.

खिडकीतली बाई माझ्याच वयाची. माझ्याचसारखी बसलेली, हनुवटीखाली मूठ. "अर्जदाराला खिडकीसमोर आणा," म्हणाली. "नियम आहे."

मी वाद घालायला तोंड उघडलं. कलमं तयार होती. पण निघालं भलतंच. "बाई, मीही खिडकीतच बसते. बावीस वर्षं. आपल्याला उठता येतं. मला अलीकडेच कळलं."

तिने घड्याळ बघितलं. मग माझ्या घामाघूम चेहऱ्याकडे. मग ड्रॉवरमधून शिक्का आणि शाईची गादी काढली आणि पायांनी टेबलाखाली चपला शोधायला लागली.

चार बावन्नला ती भाजीच्या गाडीपाशी उभी होती. फॉर्मवरचे प्रश्न वाचत होती. नाव, जन्मतारीख, कामाला लागल्याचं वर्ष. मग जरा अडखळली, पण छापलेलं होतं म्हणून वाचलं, "अर्जदार हयात आहे काय?"

"सकाळी होतो," वेल्डर म्हणाला. "दुसऱ्या मजल्यावर जरा शंका आली होती."

तिने तोंडावर हात धरला आणि शिक्का मारला. शिक्का कागदावर वाकडा पडला. मी काही बोलले नाही. सासरे माझ्या शेजारी उभे होते, आणि मी बघायच्या आत त्यांनी तोंड फिरवलं. त्यांची पाठ हलत होती. मी माझा रुमाल त्यांच्या हातात दिला आणि चष्म्याला उगाचच गाडी किती वेळासाठी आणलीत म्हणून झापायला लागले.

मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की आता ह्याला परत वर चढवायचंय.

"घाई आहे का कोणाला?" वेल्डर म्हणाला. "दोन वर्षांनी रस्ता बघतोय. बघू द्या जरा."

मग त्याची खुर्ची खाली फुटपाथवर ठेवली, एका दुकानातून चहा आला, खिडकीतली बाईही थांबली. लोक वळसा घालून जात होते. वेल्डर प्रत्येकाचे बूट न्याहाळत होता आणि सासरे त्याला सांगत होते, कोणतं दुकान बंद झालं, कोणतं नवीन निघालं, दोघंही गळा फाडून. साडेसहा वाजले तरी कोणी उचलायचं नाव काढेना.